मी वाकडी नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी, कोळशावर चालणारी गाडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी वाकडी नाही. हे मला किती जणांना ओरडून सांगावंसं वाटलं! पण मला आवाज म्हणजे काय तर एक शिट्टी, आणि तीसुद्धा तीनदा बदललेली. म्हणून आज तुम्हाला धरून बसवलंय.

तशी मी खऱ्या इंजिनाची छोटी प्रतिकृती. छोटी म्हणजे आडव्या झोपलेल्या माणसाएवढी, आणि मला उचलायला चार जण लागतात. डोंगरातून लाकडं खाली आणणारी दातेरी इंजिनं असत, त्यांच्या घराण्यातली मी. माझ्या उजव्या कुशीला तीन सिलिंडर उभे आहेत. त्यांच्याखाली एक लांब दांडा फिरतो, आणि त्या दांड्यावरची दातेरी चाकं माझ्या एकेका चाकाला जोर देतात. पळणं मला जमत नाही, पण चढ कसाही असो, मी कुरकुर न करता चढते. आता इतकं वजन उजवीकडे म्हटल्यावर माझा बॉयलर मुद्दाम थोडा डावीकडे बसवलेला असतो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

मला एका लेथ कारागिरानं नऊ वर्षांच्या सुट्ट्या खर्चून घडवलं. अंगाला काळा रंग फासला आणि कारखान्यामागच्या रुळांवर दर आठवड्याला फिरवलं. मागच्या डब्यावर पोरंसोरं बसायची, मोठी माणसं तोंडात बोटं घालायची. मग त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि त्यानं मला एका पाट्यावाल्याच्या हवाली केलं.

हा पाट्यावाला दुकानांच्या पाट्या करतो. पत्रा कापतो, सांगाडा जोडतो, अक्षरं रंगवतो. माणूस मायाळू आहे, हे मी रागातही कबूल करते. त्यानं मला घेतलं ते सासऱ्यांसाठी. त्याचे सासरे तरुणपणी माझ्यासारख्याच एका खऱ्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. ते इंजिन केव्हाच भंगारात गेलं. आता सासरे लेकीकडे राहायला आले होते आणि त्यांची नजर महिन्यागणिक उतरत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नजर फार दिवस टिकणार नाही. त्यांची एकच इच्छा होती, डोळ्यांना दिसतंय तोवर आपली गाडी एकदा चालवायची.

किती सोपी गोष्ट! मी चालू होते, अंगणात रूळ टाकले की झालं. पण जावयानं ठरवलं, हिला आधी हुबेहूब मामांच्या (सासऱ्यांना तो मामा म्हणतो) गाडीसारखी करायची. आणि तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो तीन वर्षं उतरला नाही.

सासरे चहा पिता पिता म्हणाले, शिट्टी घोगरी होती. झाली माझी शिट्टी घोगरी. आठवड्यानं म्हणाले, इतकी घोगरी नव्हती. पुन्हा पाने-पकडी घेऊन जावई माझ्या मागे लागला. दिवा बदलला, केबिनचं छप्पर बदललं, अंगावर लाल रंग चढला, तो खरवडला, मग किरमिजी चढला. सासऱ्यांच्या गाडीचा नंबर म्हणून सतराची पितळी पाटी बसली. ती तर त्यानं चारदा केली, कारण सातच्या पोटाचा बाक त्याला पटेना. मित्रांनो, या तीन वर्षांत माझ्या पोटात एकदाही निखारा पडला नाही. त्या सातच्या पोटाला निखारा लागत नाही, माझ्या लागतो, हे त्याला कोण सांगणार?

आणि मग त्यानं कहर केला. पाट्या करणारा माणूस तो, अक्षर जरा कलंडलं तरी त्याला जेवण जात नाही. एक दिवस माझ्यासमोर उकिडवा बसला, एक डोळा मिटून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "बॉयलर एका बाजूला गेलाय की! त्या कारागिराचा हात हलला वाटतं."

मी कपाळाला हात लावला असता, पण हात कुठून आणू? महिनाभर खपून त्यानं बॉयलर मधोमध आणला, वाफेच्या नळ्या नव्यानं वाकवल्या आणि बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान दिसतेय. पण अहो, बाबांना बसवणार कधी?"

"आता झालंच."

त्या संध्याकाळी त्यानं मला पेटवलं. अंगणात टाकलेल्या रुळांवर डावीकडे पहिलं वळण आलं आणि मी उजव्या अंगावर धाडकन आडवी झाले. पितळी सतरा चिखलात. जावई माझ्याकडे बघत म्हणाला, "हिच्यात मूळचाच दोष आहे." माझं पित्त असं खवळलं की झडपेतून वाफ सुटली.

आवाज ऐकून सासरे लेकीचा हात धरून आले. चार जणांनी मला उभं केल्यावर त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. धुरांड्यावर हात थांबला.

"जावईबापू, बॉयलर मधे कुणी आणला?"

"मीच सरळ केला, मामा. वाकडा होता."

"अहो, तो डावीकडेच असतो! उजवीकडे एवढं लोखंड लटकलंय, त्याला तोलायचं कुणी?"

"मग इतक्या दिवसांत बोलला नाहीत ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे? शिट्टी विचारलीत, दिवा विचारलात, रंग विचारलात."

जावयानं चिखलातली पाटी उचलली. तो रडवेला झाला होता. खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा त्याची दया आली.

बॉयलर पुन्हा डावीकडे न्यायला दोन महिने गेले. किरमिजी रंगाचे टवके उडाले होते, आणि जावई पुन्हा ब्रश घेऊन उभा! या वेळी लेक आडवी आली. ब्रश त्याच्या हातातून काढून घेत म्हणाली, "बास झालं. उद्या सकाळी बाबा बसतील. टवक्यांसकट."

दुसऱ्या दिवशी सासरे मागच्या डब्यावर बसले. हात आपोआप वाफेच्या दांडीवर गेला. मी निघाले, त्या डावीकडच्या वळणावरून सरळ, ताठ गेले. जावई शेजारून चालत होता. त्यानं विचारलं, "मामा, रंग जुळलाय का तुमच्या गाडीशी?"

सासरे डोळे ताणून बघत राहिले. "रंग नाही हो दिसत," ते म्हणाले. "नंबरही नाही. पण पुढे काहीतरी पांढरं हलतंय."

"वाफ आहे, बाबा," लेक म्हणाली.

"हो, वाफ. दिसतेय मला." आणि ते हसले.

मित्रांनो, ती वाफ माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. कुणासाठी काही करत असाल, तर सजवत बसू नका, आधी त्याला बसवा. आणि माझ्यासारखी एखादी गाडी तुम्हाला वाकडी दिसली, तर पाना उचलण्याआधी तिला एकदा पेटवून बघा.