खुर्चीभोवतीचं कडं

बाबांच्या सलूनमध्ये खुर्चीभोवतीची फरशी झिजून वीतभर रुंदीचं फिकट कडं पडलं आहे. केस कापताना बाबा त्याच कड्यावरून फिरतात आणि तोंड कायम गिऱ्हाइकाकडे ठेवतात.

त्या सकाळी खुर्चीत पोस्टमनकाका होते. मी बाकावर खगोलशास्त्राचं पुस्तक वाचत होते. पुढे कोणता विषय घेणार, ते उद्या कॉलेजात सांगायचं होतं. बाबांनी अकाउंट्स गृहीत धरलं होतं आणि मी महिनाभर मूग गिळून बसले होते.

"चंद्र स्वतःभोवती फिरतो म्हणे," पुस्तकात डोकावून बाबा म्हणाले. "मग त्याची पाठ कशी दिसत नाही आपल्याला? काहीही छापतात."

"काका, केस कापताना बाबांची पाठ दिसते तुम्हाला?"

"आरशात दिसते की."

"आरसा सोडा. चंद्रामागे आरसा नसतो."

"मग नाही बुवा."

"बाबा, एक फेरी मारा. पाठ कुठे कुठे वळते ते बघा."

बाबा कात्री धरून सावकाश फिरले. नजर काकांच्या डोक्यावरच होती, पण पाठ आधी आरशाकडे, मग दाराकडे, मग कपाटाकडे वळली आणि शेवटी पुन्हा आरशाकडे आली.

"आयला, म्हणजे एका फेरीत मीसुद्धा पुरता एकदा फिरलो."

"चंद्राचं अगदी तसंच आहे."

"पृथ्वीचे केस मात्र अर्धेच झालेत," काका म्हणाले.

बाबा खूश होऊन हसत होते. "आणखी काय शिकवतात गं तुम्हाला?"

मी पुस्तक मिटलं.

"बाबा, मी अकाउंट्स घेणार नाही. मला हेच शिकायचंय."