उत्तरांची शिवलेली पानं

माझा पुठ्ठा मळका आहे, कोपरे झिजलेत. तरी तोंड फिरवू नका, मित्रांनो. मी इंग्रजी व्याकरणाच्या सरावाचं जुनं पुस्तक आहे. नवशिक्यांचं नव्हे आणि पंडितांचंही नव्हे. इंग्रजी समजतं, चार वाक्यं बोलताही येतात, पण जर-तरचं वाक्य आलं की ज्यांची गाडी अडते, त्या मधल्या लोकांसाठी माझा जन्म झाला.

छापखान्यातून मी थेट नोकरदारांच्या एका वर्गात आलो. तिथल्या सरांना एकच धास्ती होती, ती म्हणजे माणसं आधी मागची उत्तरं बघणार! म्हणून नवं पुस्तक आलं की ते दाभण घेऊन बसत आणि उत्तरांची शेवटची वीस पानं जाड दोऱ्याने शिवून टाकत. अहो, शिवणं कसलं, नुसती झटापट! एक टाका वर, तर दुसरा पार खाली. मला फार टोचलं. पण सरांची तळमळ खरी होती, म्हणून मी निमूट सोसलं.

पुढे मी त्याच वर्गातल्या एका ताईंच्या हाती पडलो. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या सतरा वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवत होत्या. आता डोळे दगा देऊ लागले होते. सुईत दोरा ओवायला शेजारच्या बाईला हाक मारावी लागे. कारखान्यात मालाचा पत्रव्यवहार बघणाऱ्याची जागा निघाली होती. परदेशातून येणारी पत्रं वाचायची, त्यांना उत्तरं लिहायची. त्यासाठी माझ्या पातळीची परीक्षा पास व्हायला हवी होती. ती जागा मिळाली नाही, तर डोळ्यांपायी आहे ते कामही जाणार, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

रोज सकाळी भाजी फोडणीला टाकून त्या मला ओट्यावर उघडत.

"अगं बाई, भाजी लागली खाली! तुझा भूतकाळ राहू दे, आधी गॅस बंद कर," सासूबाई आतून ओरडत. पण नंतर त्याच पोळ्या लाटायला घेत आणि म्हणत, "कर तू तुझं."

पहिल्या चाचणीत ताईंना वीसपैकी सात गुण पडले. मागच्या बाकावरचा कारकून फिदीफिदी हसला. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रविवारी दुपारी दार लावून त्यांनी ब्लेड घेतलं, सरांची शिवण उसवली आणि सगळी उत्तरं पेन्सिलीने माझ्या मोकळ्या जागांत उतरवून काढली. मग दाभणाच्या मोठ्या नेढ्यात दोरा ओवून पानं पुन्हा शिवून टाकली.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात माझं कौतुक सुरू झालं. सर मला उंच धरून म्हणत, "बघा, याला म्हणतात मेहनत!" ताई मान खाली घालून बसत. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी पुस्तक, मी काय सांगणार?

परीक्षेला महिना उरला असताना सरांनी मला सहज उलटं केलं आणि शिवणीवर बोट ठेवलं. वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, "ताई, जरा थांबा. ही शिवण माझी नाही."

"सर..."

"दहा वर्षं मी पुस्तकं शिवतोय. इतका सरळ टाका माझ्या हातून एकदाही पडलेला नाही."

ताईंना रडू फुटलं. "चुकलं माझं. वाकडे टाके घालायला बसले होते मी, सर, पण हात ऐकेनाच."

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "हा हात असा तयार कसा झाला?"

"उसवून उसवून. पहिल्या वर्षी निम्म्या कॉलरी परत यायच्या."

"मग इथेच उसवायची लाज का वाटते?"

त्या संध्याकाळी ताईंनी खोडरबराने माझं पान न् पान खोडलं. मला फार दुखलं, एक पान तर फाटलंच. पण दुसऱ्या सकाळपासून माझ्यात ताईंचं स्वतःचं लिहिणं सुरू झालं. चुकलेलं, खोडलेलं, पुन्हा चुकलेलं. परीक्षेत पन्नास गुण हवे होते, त्यांना बावन्न मिळाले. निकाल ऐकून सासूबाईंनी त्यांना जवळ घेतलं. जागाही मिळाली.

पुस्तक परत देताना पेन्सिलीचं सगळं खोडून द्यायचं, ही वर्गाची रीत. ताईंनी सगळं खोडलं, पण एका पानाशी थांबल्या. त्यावर वीसपैकी सोळा उत्तरं चुकलेली होती.

"सर, हे एवढं राहू दे? पुढच्याला कळेल, इथे आधी कोण कोण पडलंय ते."

सरांनी होकारार्थी मान हलवली आणि मला कपाटात ठेवलं.

आता वर्गात सगळ्यांच्या हातात फोन असतात. बोट टेकवलं की उत्तर हजर. माझ्या अंगावर धूळ साचली आहे, आणि यंदा कपाट आवरायचं ठरलंय. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. जुनं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी एकदा पूर्ण चाळून बघा. कुणीतरी आपल्या चुका तुमच्यासाठी ठेवून गेलेलं असेल.