आधी किंकाळी

"मावशी, किंकाळी शेवटी घेऊ. नेहमीसारखी."

"नाही. आज आधी."

रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन एका कानावरून सरकवला. "डोकं ठिकाणावर आहे ना? घसा बसला की मग वाक्य कुठून काढणार?"

"मला शिकवतोस? तू पाळण्यात होतास तेव्हापासून केकाटतेय मी."

ते खरंच होतं. नायिकांच्या नावावर खपलेल्या कितीतरी किंकाळ्या मावशींच्या. चेहरा कुणाला ठाऊक नव्हता; घसा मात्र सगळ्या धंद्याला ठाऊक. आताचा हा भुताचा सिनेमा, भाग दोन. अडगळीत जुन्या टेपा सापडतात, दर टेपेत एक गोष्ट, संपलं. पहिला भाग कसाबसा रडतखडत पुरा झालेला, दुसऱ्याच्या पैशांची तर त्याहून बोंब. म्हणून स्टुडिओ म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली खोली. दारालाही गादीच, आणि आतली मूठ तुटलेली. बाहेर पडायचं तर हाक मारायची, मग बाहेरचा माणूस उघडणार.

बाहेर मावशींची मुलगी बसली होती, पायाशी कपड्यांची पिशवी घेऊन. इथून थेट इस्पितळ. उद्या सकाळी डॉक्टर घशातल्या गाठीसकट स्वरयंत्रच काढणार होते.

थोडं मागे.

काल मुलीने फोन पुढे धरला होता. "आई, बोल ना काहीतरी. मला ठेवायचंय."

मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. जन्मभर कुणीतरी "चालू" म्हटल्यावर बोललेला घसा. स्वयंपाकघरात, फोनसमोर, तो अडूनच बसला.

"उद्या स्टुडिओत बोलते. तिथे बरा निघतो माझा आवाज."

"भुताच्या सिनेमात?"

"भूत झाली तरी आई ती आईच ना गं!"

तिसऱ्या टेपेत मेलेली आई दाराशी येऊन लेकीला हाक मारते. मावशींनी दिग्दर्शकाच्या हातापाया पडून त्या लेकीचं नाव बदलून आपल्या मुलीचं घरातलं नाव घालून घेतलं होतं. 'चिंगे, दार उघड. मी आलेय.'

पुन्हा पुढे.

"शेवटी तोंडातून काय निघावं, एवढं तरी माझ्या हातात राहू दे रे," मावशी हळूच म्हणाल्या. "किंकाळी नको."

रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर ओढला. मग म्हणाला, "चालू."

त्या किंकाळीत मावशींनी काहीच खोटं घातलं नाही. उद्याची सकाळ घातली. कोपऱ्यात बसलेला दिग्दर्शक खुर्चीतून उडाला. "बाप रे! अंगावर काटा!"

पेलाभर कोमट पाणी. मावशींनी डोळे मिटले.

"चालू."

"चिं..."

जुनं कापड टरकावं तसं काहीतरी निघालं. आणखी पाणी. "चिंगे, दा..." नुसती हवा.

"थांब हं, येईल," त्या कुजबुजल्या. "एकदाच. येईल रे."

आला नाही. रेकॉर्डिंगवाल्याने मान खाली घातली.

"अहो, थांबायचं कशाला!" दिग्दर्शकाने टाळी वाजवली. "हाच ठेवू! भुताला असाच घसा हवा. टेप जुनी वाटावी म्हणून नाहीतरी आवाज खराबच करणार होतो. तुम्ही आयता करून दिलात!"

मावशी हसल्या. हसण्यालाही आवाज नव्हता.

त्या दाराशी गेल्या. सवयीने तोंड उघडलं. रेकॉर्डिंगवाला हाक मारायला उठला, तसं त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. दारावर थाप मारली, गादीने गिळली. आणखी एक मारली. तीही गेली. मग हातातला पेला चौकटीच्या लोखंडावर ठोकत राहिल्या, वेड्यासारख्या, दार उघडेपर्यंत.

"अगं, हाक का नाही मारलीस?" मुलगी म्हणाली. "किंकाळी आली इथवर. मी कान लावून बसले होते, पण पुढचं काही ऐकू नाही आलं. बोललीस ना?"

मावशींनी मान हलवली. हो.

"छान आलं?"

हो.

मग वाकून त्यांनी पिशवी उचलली. पेला हातातच राहिला होता.