कान लावून घेतलेला कॉम्प्युटर

पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम घरूनच करायचं तिनं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटर आणायची जबाबदारी धाकट्या दिरानं आपणहून अंगावर घेतली. दोन दिवसांत तो भलंमोठं खोकं घेऊन हजर. काचेचं झाकण, आत निळे-जांभळे दिवे.

"वहिनी, यावर काहीही चालेल. वाघ आहे वाघ!"

वाघ चालू झाला आणि त्याचे पंखे घोंघावू लागले. टेबल सासऱ्यांच्या खाटेला लागूनच होतं; दुसरीकडे जागाच नव्हती. आजारातून उठलेल्या सासऱ्यांचा नुकता डोळा लागला होता. ते दचकून उठले.

"घरात गिरणी घातलीस का गं?"

दुपारभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, पण तक्रारीचा शब्द नाही. तिलाच राहवेना. संध्याकाळी तिनं दिराला फोन लावला.

"भावजी, हा परत करू या. मला नुसती पानं तर वाचायची आहेत."

"एवढ्या हौसेनं आणला हो. उद्या मोठं काम आलं तर?"

"उद्याचं उद्या बघू. आज बाबांना झोप नाही."

सकाळी तोंड पाडून का होईना, तो खोकं उचलून तिच्याबरोबर आला.

दुकानात तिनं पेनड्राइव्हमधलं आपलं जाडजूड पुस्तक एकेका कॉम्प्युटरवर उघडलं आणि डब्याला कान लावला. दीर ओशाळला.

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत. कान माझा आहे."

शेवटी कोपऱ्यातला एक छोटा डबा तिला पटला. कुठल्याशा ऑफिसात वापरलेला, पण दुकानदारानं नवी डिस्क घालून, वर्षाच्या गॅरंटीसह ठेवलेला. पुस्तक चटकन उघडलं. आवाज जवळजवळ नाहीच.

"निदान स्क्रीन तरी मला निवडू द्या," दीर म्हणाला. वाचलेल्या पैशांत त्यानं मोठी, डोळ्यांना न खुपणारी स्क्रीन निवडली, आणि घरी येऊन सगळ्या वायरी स्वतःच जोडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामात गढून गेली होती. सासरे गाढ झोपलेत असंच तिला वाटत होतं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"तिसऱ्या ओळीत बघ. 'दिन माणसं' नव्हे गं. 'दीन'."

तिनं वळून पाहिलं. सासरे उशीला टेकून, चष्मा लावून स्क्रीनकडे बघत होते.

"कधीपासून वाचताय, बाबा?"

"मागच्या पानापासून. हळू सरकव जरा, तू फार घाई करतेस."

तिनं खुर्ची थोडी बाजूला घेतली.