बाळंतिणीच्या खोलीतली भट्टी

माझी पोरगी रडत नव्हती, आणि सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक.

"उषाबाई, नात लई गुणाची वं तुमची," बाया म्हणायच्या. माझी आई फुगून टम्म व्हायची. "हो बाई, आवाज म्हणून न्हाई. पाजलं की झोपती, झोपली की उठायचं नाव न्हाई." आणि मी बाजेवर पडल्या पडल्या त्या गुणाच्या पोरीच्या नाकापाशी बोट धरून बघायची, श्वास चालू हाय का म्हणून. दवाखान्यात जन्मली तेव्हा ह्याच पोरीनं वॉर्ड डोक्यावर घेतला होता. बदनापूरला माहेरी आणली अन् चार-दोन दिवसांत मुकी झाली. हे गुण कुठनं आले एकदम? मी विचारलं की आई म्हणायची, "पहिलटकरणीला सगळ्याचीच भीती वाटती. पड गप."

पड गप! मी नवीन जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते, दिवसभर माणसांशी डोकं लावते. इथं मात्र डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, पायात मोजे, अंगावर दोन रजया. कोण काय बोलून राह्यलं ते अर्धं ऐकू यायचं. दार उघडायचं न्हाई, खिडकीकडं बघायचंसुद्धा न्हाई. बाळंतिणीला वारं लागलं की जन्माचं दुखणं, हे आईच्या तोंडी उठता-बसता.

औंदा थंडीही बेकार पडलेली. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मी यायच्या आधीच मागच्या खोलीच्या कोपऱ्यात विटांची भट्टी बांधली. खाली जाळी, त्यावर दगडी कोळसा, वर पाण्याची टाकी, आणि मागनं पत्र्याचं धुराडं भिंतीतनं थेट गच्चीवर काढलेलं. नातीला गरम पाणी आणि खोलीला ऊब, एका कोळशात दोन्ही कामं. अण्णांची उभी हयात लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर गेली. घरातली ही एवढीशी भट्टी म्हणजे त्यांना खेळणंच. "बघ, कशी घुमती," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

अण्णांनी भट्टी बांधली आणि आईनं खोली बांधली. म्हणजे बंद केली. खिडकीला जुनी गोधडी खिळे ठोकून लावली. वरच्या झरोक्यावर कणकेची खळ लावून पेपर चिकटवले. दाराच्या फटीत पोतं कोंबलं, वरनं जाड पडदा. मुंगी आत यायची म्हटलं तरी तिला आईला विचारावं लागलं असतं.

भट्टी घुमली ती फक्त पहिले दोन-चार दिवस. मंग तिनं रुसवा धरला. कोळसा लाल व्हायच्या ऐवजी काळपट धुमसायचा, पाणी कोमटच राह्यचं, आणि तोंडातनं उलटा धूर यायचा. तो तरी वेगळा ओळखू आला असता तर! आई दिवसातनं दोनदा ओवा अन् बाळंतशोपांची धुरी द्यायची, त्यामुळं खोलीत धूर हा असणारच, असंच सगळ्यांनी धरलेलं. भट्टीचा कुठला अन् धुरीचा कुठला, कोण निवडणार?

"अवं, तुमच्या भट्टीला काय झालं?" आई बाहेर जाऊन ओरडायची.

"धुराड्याला ओढ न्हाई," अण्णा म्हणायचे. "बघतो."

आणि बघायचे बरं का. माणूस आळशी न्हाई माझा बाप. पहिल्यांदा जाळी काढून राख झटकली. मंग धुराडं उतरवून पोत्याचा बोळा फिरवला, तर मूठभर काजळी निघाली. त्यांना वाटलं, हीच चोर. दुसऱ्या दिवशी कोळसा ओला असंल म्हणून उन्हात वाळत घातला. तिसऱ्यांदा शेजाऱ्याची भिंत उंच पडती, तिथनं वारं उलटं फिरत असंल म्हणून गच्चीवर धुराड्याला अजून एक तुकडा जोडला. दरवेळी यायचे, ओल्या बाळंतिणीच्या खोलीत आत कसं यायचं म्हणून पडदा वर करून दारातच उभे राह्यचे, तिथनं भट्टीकडं बघायचे, आणि भट्टी गुमान पेटायची.

"झालं की! बराबर ओढून राह्यली आता," म्हणायचे अन् जायचे. आई पाठोपाठ दार लावायची, फटीत पोतं कोंबायची. घटकाभरानं भट्टी पुन्हा धुमसायला लागायची.

"तुमचंच तोंड बघून पेटती मेली," आई म्हणायची.

माझं डोकं सकाळपासून ठणकायचं. उलटीची भावना यायची. आई म्हणायची पित्त, अंगावर पाजणारीला होतंच. मालिशवाली बेबीनंदा पोरीला आंघोळ घालता घालता एकदा भिंतीला टेकून बसली. "चक्कर आली गं माय," म्हणाली. त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. उपास सोसंना तर धरावा कशाला, असं म्हणून आईनं तिला साखरेचं पाणी दिलं. ओट्यावर जाऊन बसली तशी बेबीनंदा खडखडीत बरी झाली. ते मी ऐकलं, पण तेव्हा माझं डोकं इतकं जड झाल्तं की ऐकलेलं आत जाईना.

मंग तो दिवस आला. सकाळची आंघोळ झाली, शेक झाला, आणि मी पोरीला अंगावर घेतलं तर तिनं तोंडच लावलं न्हाई. गाल चोळले, कान ओढला, तळपायाला गुदगुल्या केल्या. मान एका बाजूला पडली की तिकडंच. हात उचलून सोडला तर तो गादीवर पडला, आणि पडला तसाच राह्यला.

"आई! आई, हिला बघ!"

आई आली. तिचाही चेहरा उतरला, ते मी बघितलं. पण माझ्यासमोर ती कशी कबूल करंल? "नजर लागली," म्हणाली. "कालच्या त्या बायांनी किती वाखाणली! तोंडावर 'वाखाणू नका' कसं म्हणायचं?" जल्दी जल्दी जाऊन मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन आली. पोरीवरनं उतरवल्या, पुटपुटली, आणि मूठ भट्टीच्या तोंडात टाकली.

दृष्ट काढायची तर मिरच्या जळाल्यावर ठसका लागायला नको. ठसका न्हाई आला की नजर होती, असं मानतात. आई भट्टीकडं डोळे लावून उभी राह्यली, ठसका येऊ नये म्हणून देवाला हात जोडून.

ठसका आला. असला आला की देवा! भट्टीच्या तोंडातनं धुराचा लोट उलटा खोलीत घुसला. आई खोकून खोकून वाकली. माझ्या डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, टाके दुखायला लागले इतकी मी खोकले. आणि खोकता खोकता मी मांडीकडं बघितलं.

पोरगी खोकत नव्हती.

मिरच्यांच्या धुरात एवढंसं लेकरू निजलेलं, शिंक न्हाई, ठसका न्हाई, भुवईसुद्धा हलली न्हाई.

"काय जाळून राह्यल्या गं?" म्हणत अण्णांनी बाहेरनं दार ढकललं. पोतं सरकलं, दार सताड उघडलं, गार वारं आत आलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो धूर थांबला. थांबला आणि वळला. खोलीभर पसरलेला धूर भट्टीच्या तोंडाकडं सरकायला लागला, आत गेला, कोळसा भर्रकन लाल झाला आणि भट्टी घुमली.

आईनं सवयीनं दार लोटलं. घुमणं बंद.

"उघड!" मी ओरडले. "आई, दार उघड! तिला हवा मिळंना! भट्टीलाही न्हाई अन् पोरीलाही न्हाई!"

"येडी झाली का? अंग ओलं हाय तुझं, वारं लागंल!"

"लागू दे वारं! मरू दे मला!" मी पोरीला छातीशी धरून बाजेवरनं उतरले. डोकं गरगरलं. आई दारात आडवी. माझी आई, जिनं मला उन्हातान्हात वाढवलं, तिला मी खांद्यानं ढकललं. ती पडद्यावर आदळली, पडदा फाटला. मी अनवाणी अंगणात आले आणि तुळशीपाशी मटकन खाली बसले. स्कार्फ सुटला, कानातला कापूस पडला. गार वाऱ्यानं अंगावर काटा आला. मी पोरीचं दुपटं मोकळं केलं, तोंडावर फुंकर मारली, "ऊठ ना गं, ऊठ ना माझे बाई," असं किती वेळा म्हटलं देवाला ठाऊक.

आत अण्णा खिडकीची गोधडी ओढून राह्यले होते. खिळे निघेनात तर त्यांनी ती टराटरा फाडली. मंग जळता कोळसा घमेल्यात ओढून बाहेर आणला आणि त्यावर बादली ओतली. हात भाजल्याचं त्यांना संध्याकाळी कळलं.

आई माझ्यामागं आली ती शाल घेऊन. मला वाटलं, आता पुन्हा गुंडाळती. पण तिनं पोरीकडं बघितलं आणि शाल हातातनं गळाली. माझ्यासमोर मातीत बसली.

पोरीनं नाक मुरडलं. मंग तोंड वाकडं केलं. एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला, आणि मंग, मंग तिनं जो काय टाहो फोडला!

आई पोरीच्या पायाशी डोकं टेकून म्हणाली, "रड गं माय. रड. अजून रड." आणि स्वतःच रडायला लागली. ती तेव्हा पोरीपेक्षा मोठ्यानं रडली.

शेजारच्या अनवरी चाचींनी रिक्षा बोलावली. जालन्याच्या दवाखान्यात आम्हा दोघींना नळी लावून ऑक्सिजन दिला. डॉक्टरांनी खोली कशी होती ते सगळं विचारलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरीला निरखलं, आणि म्हणाले, वेळेवर बाहेर काढली म्हणून निभावलं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास, धूर दिसो की न दिसो. पोरगी वाचली, आता पिऊ द्या.

रिक्षात परतताना अण्णा म्हणाले, "कारखान्यात शेड चारी बाजूंनी उघडी असती गं. आत हवा कुठनं येती हे बघायची गरजच पडली न्हाई कधी. मी वरचंच धुराडं बघत बसलो." मी त्यांच्या भाजलेल्या हाताकडं बघत राह्यले. आईनं रिक्षाचा पडदा स्वतःच्या हातानं वर करून धरला, थेट घरापर्यंत.

भट्टी आता अंगणात हाय, पाणी तिथं तापतं. खिडकी अर्धी उघडी असती. झरोक्यावरचे पेपर आईनंच खुर्चीवर चढून खरवडले. पोरगी जरा जास्त वेळ झोपली की आई येती, इकडं-तिकडं बघती आणि हळूच तिच्या तळपायाला टिचकी मारती. पोरगी भोकाड पसरती. मी चिडते, आत्ता कुठं निजवली होती म्हणून. आई ऐकून न ऐकल्यासारखं करती.

परवा बारसं झालं. पाळण्यात घातल्यापासनं पोरगी जी रडायला लागली ती गप म्हणून बसंना. बायांना गाणी म्हणता येईनात. गल्लीतल्या चांगुणाबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, केवढी रडकी पोर ही!"

मी आईकडं बघितलं. ती पदर सावरून सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो बाई. आमची लई रडती."