डावी शिवण

"मावशी, हा ब्लाऊज डावीकडंच का उसवलास?"

भाची मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात आली होती सहज. इस्त्रीला काढून ठेवलेला मावशीचा ब्लाऊज तिनं उलटा करून धरला होता. आईविना वाढलेल्या पोरींची नजर नको तिथं जाते.

"आटला असेल धुऊन."

"एकाच बाजूनं?"

मावशीनं सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या जाईना. तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, बोलायला टोकदार. माप काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता, टेपनंही आणि जिभेनंही.

अंघोळ करताना हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली होती. दुखत नव्हती. ताईची, या पोरीच्या आईची, तरी कुठं दुखत होती? 'दुखत नाही तर डॉक्टर कशाला? तू आपलं डावीकडं जरा सैल कर,' असं ताई हसत म्हणायची आणि ही सैल करून द्यायची. शेवटी सोडायला आत कापड उरलं नाही, आणि मग ताईही उरली नाही. आता ब्लाऊज त्या जागी घासला, की ताई पाठीमागून हाक मारतेय असं वाटे. म्हणून हिनं शिवण उसवली. कापड लागायला नको नि हाक यायला नको.

"मावशी, बोल ना गं."

"गाठ आहे. बारकीशीच आहे. हातातली कामं उरकली की दाखवते."

"आईपण हेच म्हणायची."

"भीती वाटते गं मला. ताईसारखीच आहे म्हणाले तर?"

भाचीनं ब्लाऊज तिच्या मांडीवर ठेवला. "आईचे कपडे अजून आहेत माझ्याकडं. एकेका शिवणीपाशी तीन-तीनदा उसवल्याच्या खुणा आहेत. तुझ्या ब्लाऊजवर एकच आहे. एकच आहे तोवर चल."

मावशीनं दोरा ओवला, जुन्या खुणेवरून शिवण पुन्हा घातली आणि पडद्यामागं जाऊन ब्लाऊज अंगात घातला. कापड नेमकं त्या जागी लागलं. ताईनं हाक मारलीच.

"दाखवून येते गं, ताई," ती म्हणाली आणि पडदा सारून बाहेर आली. भाची कुलूप घेऊन दारात उभी होती.