एक ठोस उदाहरण, चाळीस शब्दांत

शीर्षक (कमाल पंधरा शब्द)

वरच्या मजल्यावरची माणसं शेवटची कधी उतरली?

परिषदेला पाठवायच्या फॉर्ममधलं हे शीर्षक कंडक्टरबाईंचं. माझं याच्या तिप्पट लांब होतं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, ही पाटी लावली तर बसमध्ये कुत्रंसुद्धा चढणार नाही."

एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून त्या निवृत्त झाल्या होत्या. आमच्या गटात सात बायका. सहा जणी एकाच वसाहतीतल्या चार इमारतींत राहणाऱ्या, सातवी मी, कॉलेजातून गेलेली. चारही इमारतींच्या लिफ्ट कित्येक वर्षं बंद. वर म्हातारी माणसं किती आहेत आणि ती घराबाहेर कधी पडतात, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. दोनशे अकरा घरं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या कंडक्टरबाईंनी केली. दार उघडलं की नमस्कार वगैरे काही नाही, थेट, "बोला, शेवटचं कधी उतरलात?" समोरचा माणूस स्टॉप चुकल्यासारखा गोंधळायचा आणि खरं सांगून टाकायचा. हे मला जमलं नसतं. मी आधी पाच मिनिटं स्वतःची ओळख करून द्यायचे.

सादरकर्ते

दोन जणांना जागा होती. पहिलं नाव मी त्यांचं घातलं.

"माझं खाली टाक. कंडक्टर मागच्या दाराशीच असतो."

"आणि पुढे कोण असतं?"

"ड्रायव्हर. आपटला की पहिला तोच."

त्यांचा ईमेल नव्हता, तो मीच उघडून दिला. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो म्हटल्यावर त्यांनी तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितला. परिषद 'लोकांसोबत केलेलं संशोधन' या विषयावर होती. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात आपण माइकवर बोलणार, हे त्यांनी दुधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

सहभागी लोकांची संमती कशी घेतली? (शंभर शब्द)

दर गुरुवारी दुपारी आम्ही तळमजल्यावरच्या शिवणाच्या खोलीत बसायचो. नियम एकच होता, आणि तो कंडक्टरबाईंनी घातला होता. खोलीबाहेर जाणारी प्रत्येक ओळ आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. सातही हात वर आले तर ती जाणार. एक जरी हात मांडीवर राहिला तर ओळ काढायची, कारण विचारायचं नाही.

नियमाला कारण होतं. मागे कुणीतरी पाहणी करून गेलं होतं. त्यांच्या अहवालात या बायकांबद्दल 'उदासीन' असं छापलं होतं.

"उदासीन म्हणजे काय गं?" शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारलं होतं.

"म्हणजे आपल्याला कशाचं काही पडलेलं नाही."

"हात्तिच्या! मग त्यांच्याबद्दलच लिहिलंय की."

आमचा सारांश मी दोनदा वाचला. 'बहुतांश' या शब्दावर कंडक्टरबाईंचा हात खाली राहिला. मोजलंय ना, मग आकडा सांग, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी आकडा घातला. सात हात वर आले. या रकान्यात मी लिहिलं: प्रत्येक ओळ गटात वाचून मंजूर केलेली आहे.

लिहिलं त्या मिनिटाला ते खरं होतं.

(हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता)

त्याच्या दोन महिने आधीचा एक गुरुवार. आकडे जुळवून झाले होते. शिवणाच्या मावशी म्हणाल्या, "पलीकडे लिफ्ट चालू असलेल्या इमारतींतली म्हातारी तरी कुठे उतरतात? घरचेच उतरू देत नाहीत."

मग कंडक्टरबाई बोलल्या. खाली बघून, हळू. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची थोरली बहीण पाचव्यावर. ताई चार वर्षांपूर्वी जिन्यात पडली, पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती, मग रोज थोडं थोडं चालायचं, जिनाही चढायचा-उतरायचा. डॉक्टरांशी बोलल्या होत्या कंडक्टरबाई. वर येऊन त्यांनी ताईला सांगितलं, डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केलाय.

"भीती वाटली, हे खरं. पण सगळं खरं नाही ते. ड्यूटीवरून यायचं आणि रोज तिला धरून पाच मजले उतरायचं, परत चढवायचं. दीड तास जायचा. कंटाळा आला होता मला. म्हटलं, थोडे दिवस. थोड्या दिवसांची चार वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

एका बाईने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"हे आपल्यातच," कंडक्टरबाई म्हणाल्या.

मी वहीत काही लिहिलं नाही. तसं करायची गरजही नव्हती. असलं वाक्य वही नसली तरी लक्षात राहतं.

निष्कर्षाला आधार देणारं एक ठोस उदाहरण (कमाल चाळीस शब्द, अनिवार्य)

हा रकाना 'पाठवा' दाबल्यावरच उघडला. लाल अक्षरांत. मुदत पाच वाजता संपत होती आणि चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वार मंगळवार.

माझ्याकडे दोनशे अकरा घरं होती. चौथ्या मजल्यावरचे घड्याळजी होते, ते दुर्बिणीतून भाजीचं दुकान बघायचे. लग्नाला जाता येईना म्हणून गॅलरीतून नातीवर तांदूळ टाकणाऱ्या आजी होत्या. सगळी वाचलेली, सात हातांची उदाहरणं.

मी लिहिलं:

'एका सर्वेक्षक महिलेने पाचव्या मजल्यावरील आपल्या थोरल्या बहिणीला डॉक्टरांची नसलेली मनाई सांगून चार वर्षे घरात ठेवले. अडथळा केवळ लिफ्टचा नाही, काळजीच्या नावाखाली आलेल्या थकव्याचाही आहे.'

नाव घातलं नाही, म्हणून मी स्वतःला बजावलं की यात कुणी ओळखू येत नाही. मला सोडून सर्वेक्षक सहा. पाचव्या मजल्यावर थोरली बहीण असलेली एक.

फोन हातात होता. नंबरही समोर होता. वीस मिनिटांत फोन करून विचारता आलं असतं. वेळ नव्हता म्हणून मी फोन केला नाही, असं पुढे मी दोघातिघांना सांगितलं. ते खोटं आहे. त्या नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं, म्हणून केला नाही.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी फॉर्म गेला. पुढच्या गुरुवारी मी म्हटलं, "पाठवला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही सांगता आलं असतं. शिवणाच्या मावशींनी चहा केला होता. मी दोन कप प्यायले.

परीक्षकांचा अभिप्राय

स्वीकृत. 'उदाहरण विशेष प्रभावी.'

छापील पुस्तिका (प्रत्येक सादरकर्त्यास एक प्रत पोस्टाने)

पोस्टाने! संकेतस्थळावर कोण वाचतंय, असं म्हणून मी निर्धास्त होते. जाड कागदाची ती पुस्तिका कंडक्टरबाईंच्या घरी पोचली शनिवारी सकाळी. पान तेवीसवर त्यांचं नाव, पहिलं.

त्यांनी स्वतः आधी वाचून पाहिली नाही. चष्मा घेतला आणि तडक पाचव्या मजल्यावर गेल्या. ताईला खुर्चीत बसवलं, समोर उभ्या राहिल्या आणि माइकवर वाचायचं तसं वाचायला लागल्या. शीर्षक. नावं. सारांश, जो त्यांना जवळजवळ पाठ होता. आणि मग त्याखालची ओळ.

हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. ओरडल्या नाहीत.

"वाचली मी. पूर्ण."

"कंडक्टरबाई..."

"मधेच थांबले असते तर तिने विचारलं असतं, पुढे काय. म्हणून वाचली."

"मी येते. आत्ता येते."

"ये. माझ्याकडे नको. तिच्याकडे जा."

सादरीकरण मागे घ्यायचे आहे का? होय / नाही

मी 'होय' दाबून ठेवलं होतं, नुसतं पक्कं करायचं बाकी होतं. ताईंकडे जाताना दुसऱ्या मजल्यावर कंडक्टरबाईंना दारातूनच तसं सांगितलं. त्या दार धरून उभ्या होत्या, मला आत घेतलं नाही.

"खबरदार मागे घेतलंस तर. एवढी दारं मी वाजवली आहेत. शेण तू खाल्लंस, काम माझं कशाला बुडवतेस? नाव राहू दे. मी येणार नाही. तू उभी राहा तिथे एकटी."

"लोक विचारतील, तुम्ही का नाही आलात."

"मग सांग की. सांगायची तुला हौस आहेच."

मी 'नाही' दाबलं.

इतर माहिती (ऐच्छिक)

ताईंचं घर एका खोलीचं, फार नीटनेटकं. खुर्ची खिडकीशी. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"ते तू लिहिलंस?"

"हो."

"धाकटीला विचारलं होतंस?"

"नाही."

"तिने मला विचारलं नाही, तू तिला विचारलं नाहीस. छान जोडी जमली तुमची."

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते नंतर. आधी मला एक सांग. डॉक्टर खरंच चाल म्हणाले होते?"

"हो."

"जिनासुद्धा?"

"जिनासुद्धा."

मग त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीला धरून. खाटेखालून चपला काढायला मला सांगितलं. चपला नव्या होत्या, चार वर्षांपूर्वीच्या नव्या. पट्टे कडक झाले होते.

"चल. मला खाली ने."

मी म्हणाले, "कंडक्टरबाईंना बोलवू का?"

"तुला जमत नसेल तर तसं सांग."

आम्ही निघालो. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचं, मग पुढची. चौथ्या मजल्यावर घड्याळजींनी दार उघडलं, म्हणाले, "अरे वा!" आणि काहीतरी कळल्यासारखे बाजूला सरकले. तिसऱ्यावर ताई भिंतीला टेकल्या. इथेच पडले होते, एवढं म्हणाल्या. मी त्यांचा डावा कोपर घट्ट धरला होता. माझा हात घामाने निसटत होता.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. कंडक्टरबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. पायांचा आवाज त्यांनी पाचव्यापासून ऐकला असणार. ताईंनी तिकडे मान वळवली नाही. कठडा धरला आणि पुढची पायरी शोधायला लागल्या.

"उजवीकडून धर," कंडक्टरबाई म्हणाल्या. माझ्याशी. "तिचा उजवा गुडघा दगा देतो. आणि कोपर नको. काखेत हात घाल."

मी बाजू बदलली. काखेत हात घातला. ताईंचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त होतं. अजून दोन मजले होते, आणि मग परत पाच.

"चल," ताई म्हणाल्या.

मागे दार हळूच लावल्याचा आवाज आला.